फुकटचं ॲप बंद पडतं, तरी आपण का थांबतो?

(ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप.)

पळस्पे फाटा माहितीये ना? पनवेलच्या पुढे, जिथे जुन्या मुंबई-पुणे हायवेवरून गोव्याचा रस्ता सुटतो, तो. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम 2011 मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. खड्डे, डायव्हर्जन, ट्रॅफिक. पण गणपतीला कोणी म्हणालं का, 'रस्ता खराब आहे, यंदा गावच बदलू'? नाही. कारण घर त्याच रस्त्याला आहे.

आता फोनकडे येऊ. 4 ऑक्टोबर 2021, सोमवार. घटस्थापना तीन दिवसांवर. रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक, सगळं एकदम बंद! जवळपास सहा तास. आधी आपण वायफाय बंद-चालू केलं, मग फोन रिस्टार्ट, मग ट्विटरवर जाऊन मीम्स.

झालं काय होतं? देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या कमांडमुळे कंपनीच्या डेटा सेंटर्सना जोडणारं जाळंच तुटलं. त्यापाठोपाठ इंटरनेटला त्यांचा पत्ता सांगणारी यंत्रणाही गायब झाली. समजा, पळस्प्याला पुढचा रस्ता बंद झाला आणि वर फाट्यावरच्या पाट्याही कोणी काढून नेल्या, तर? गाव जागेवर आहे, पण जायचं कुठून ते कळत नाही. तसंच.

त्या एका दिवसात 7 कोटी नवे लोक आमच्याकडे आले, असं टेलिग्रामच्या संस्थापकाने सांगितलं. पण सकाळ झाली आणि आपण व्हॉट्सॲपवर पुन्हा 'गुड मॉर्निंग' टाकायला हजर! वर्षभराने, 25 ऑक्टोबर 2022 ला, ऐन दिवाळीत व्हॉट्सॲप पुन्हा दोनेक तास बंद पडलं. तेव्हाही तेच.

आपण म्हणतो, 'फुकट आहे, मग तक्रार कशाला?' इथे थोडं थांबूया. 2021 मध्ये या कंपनीचं उत्पन्न जवळपास 11,800 कोटी डॉलर होतं आणि त्यातला सुमारे 97 टक्के पैसा जाहिरातींचा. म्हणजे आपण पैसे देत नाही, पण आपलं लक्ष आणि आपली माहिती देतो. फुकट वगैरे काही नाही, फक्त बिल दिसत नाही.

मग सोडत का नाही? कारण आपण ॲपसाठी थांबतच नाही, माणसांसाठी थांबतो. आईचा ग्रुप तिथे, क्लासच्या नोट्स तिथे, सोसायटीचं पाणी कधी येणार तेही तिथेच. सिमकार्डाचं तसं नाही. 20 जानेवारी 2011 पासून देशभरात नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. पण ग्रुप उचलून दुसऱ्या ॲपवर नेता येतो का? त्यासाठी सगळ्यांनी एकदम उठायला हवं. ऑर्कुटच्या वेळी तसं झालं. मित्र फेसबुकवर गेले, मागोमाग आपणही गेलो आणि 30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट कायमचं बंद झालं.

टाइमपास करणाऱ्याला सहा तास चालून जातात. पण जी ताई फराळाच्या ऑर्डर फक्त व्हॉट्सॲपवर घेते, तिचं काय? ऐन दिवाळीत दोन तास म्हणजे तिचा धंदाच. कोणाची ऑर्डर किती, पत्ता काय, सगळं त्याच चॅटमध्ये. आणि भरपाई मागायची तर मागणार कोणाकडे?

म्हणून ॲप डिलीट करा, असं मी म्हणणार नाही. मीही करणार नाहीये. फक्त तीन गोष्टी करा. महत्त्वाचे दहा नंबर वहीत लिहा. ऑर्डर, नोट्स, फोटो यांची एक प्रत ॲपच्या बाहेर ठेवा. आणि जवळच्या माणसांशी आधीच ठरवा: हे बंद पडलं तर साधा कॉल किंवा एसएमएस.

कोकणात जाणारा माणूस धीर धरतो, पण दुसरा रस्ताही माहीत ठेवतो. तेवढं आपणही करूया. भेटू पुढच्या भागात!