प्रकाशाचा सांधेवाला

मुळशीच्या धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरते, तेथे त्याची वीज होते आणि ती मुंबईकडे जाते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्या विजेपायी गावेच्या गावे पाण्याखाली गेली. १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. तेव्हा विजेचे मोल मुळशीकरांना वेगळे सांगायला नको. ती वाचवू पाहणारी एक युक्ती आज सांगतो.

तुम्ही फोनवर मुंबईच्या नातवाशी बोलता, तेव्हा तुमचा आवाज बरीचशी वाट प्रकाश होऊन धावतो, केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून. आपल्या देशातला असा पहिला दुवा पुण्यातच, शिवाजीनगर आणि लष्कर येथील टेलिफोन केंद्रांमध्ये, १९७९ साली सुरू झाला. एकाच तंतूतून अनेक रंगांचे प्रकाश एका वेळी धावतात. हे रंग डोळ्यांना दिसत नाहीत. प्रत्येकाची तरंगलांबी निराळी, म्हणून आपण त्यांना रंग म्हणायचे.

मोठ्या संगणककेंद्रांत हा मजकूर बारीक पुडक्यांनी येतो. प्रत्येक पुडक्याला वाट दाखवायची तर प्रकाशाची वीज करतात, पत्ता वाचतात, आणि विजेचा पुन्हा प्रकाश करतात. यात वीज जाते, यंत्रे तापतात, आणि ती निववायला आणखी वीज लागते.

मग प्रकाशालाच परस्पर वळवले तर? आगगाडीचा सांधा बदलतात तसे? इमुकले आरसे हलवून हे करता येते. पण त्याला दहा मिलिसेकंद लागले, असे धरा. १५०० बाइटांचे पुडके, सेकंदाला शंभर अब्ज बिटांच्या वेगाने, १२० नॅनोसेकंदांत निघून जाते. म्हणजे गाडी जायला एक मिनिट, आणि सांधा बदलायला जवळजवळ दोन महिने! मग रूळ रिकामेच राहायचे, नाही का?

म्हणून शास्त्रज्ञांनी सांधा जागचा हलवायचाच नाही असे ठरवले. वाटेत काचेची अशी रचना बसवली, की प्रत्येक रंग आपापल्या ठरल्या दाराने बाहेर पडतो. आता निघतानाच रंग बदलला की वाट आपोआप बदलते. इंग्लंडात केंब्रिज येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० साली एका नॅनोसेकंदाच्या आत रंग बदलणारा लेसर दाखवला. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्यात तंतूतला प्रकाश जेमतेम वीतभर सरकतो.

एक अडचण मात्र आहे. गाडी सायडिंगला उभी करता येते, प्रकाश थांबत नाही. त्यामुळे सगळ्या यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळवून, वेळापत्रक आखून पुडकी सोडावी लागतात. सर्रास वापरात यायला ही युक्ती अजून अवकाश घेईल.

गुरुजी, एक जुनी सीडी उन्हात धरून भिंतीवर पडणारे रंग पोरांना दाखवा. प्रत्येक रंग वेगळ्या दिशेला का जातो, हे त्यांना विचारा. उत्तर सापडले, की प्रकाशाचा सांधेवाला त्यांना समजला म्हणून समजा.