गंगाजळी आहे, पण ती आहे कुठे?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली उतरतो. त्यात कंपन्यांचे जुने वार्षिक अहवाल आहेत. "अहो, देऊ का हे रद्दीत?" असे सौभाग्यवती दर वर्षी विचारतात आणि मी त्यातला एक अहवाल बाजूला काढून बाकीच्यांना मान डोलावतो. तो एक अहवाल मात्र रद्दीच्या भावाने देववत नाही. मला तो बराच महाग पडला आहे.

गोष्ट १९९४ सालची. शेअर बाजाराचे वारे तेव्हा चाळीच्या जिन्यापर्यंत पोहोचले होते. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत डब्यांबरोबर इश्यूचे अर्जही उघडत. मी स्वतःला इतरांपेक्षा शहाणा समजत असे, कारण मी कुणाच्या टिपा ऐकत नसे. मी ताळेबंद वाचत असे! अशाच एका इंजिनिअरिंग कंपनीचा अहवाल हाती आला. भागभांडवल ५ कोटी आणि त्याखाली 'रिझर्व्ह्ज अँड सरप्लस', म्हणजे आपल्या भाषेत गंगाजळी, तब्बल ६० कोटी. मी हिशेब मांडला. दहा रुपयांच्या एका शेअरमागे १२० रुपयांची गंगाजळी आणि बाजारात भाव ७० रुपये. एकशेवीस रुपयांचे पाकीट सत्तर रुपयांना मिळत असताना कोण सोडील? मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले ३५ हजार काढून मी ५०० शेअर घेतले.

२००१ साली मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा त्या शेअरचा भाव ९ रुपये होता. "बाबा, नसेल जमत तर मी बी.एस्सी. करते," असे ती म्हणाली. ते वाक्य अजून आठवते. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढले आणि फी भरली. त्या रात्री तो अहवाल पुन्हा उघडून मी पुटपुटलो, "साठ कोटी होते, गेले कुठे?"

शेजारी महिन्याचा जमाखर्च लिहीत बसलेली सौ. म्हणाली, "शिल्लक वहीत असते हो, डब्यात असेलच असं नाही. या महिन्यात माझे सहाशे उरले. त्यातले चारशे वन्संनी उसने नेले नि दोनशेचे गहू भरले. डब्यात बघाल तर काही नाही."

सात वर्षे मला जे उमगले नव्हते, ते तिने दोन वाक्यांत सांगितले. कंपनीला नफा होतो, त्यातला काही भाग लाभांश म्हणून भागधारकांना मिळतो आणि उरलेला ती राखून ठेवते. हा राखलेला नफा वर्षानुवर्षे साठत जातो. पण तो तिजोरीत नसतो. ताळेबंदाच्या एका बाजूला 'हा पैसा कुणाचा' ते लिहिलेले असते, तर दुसऱ्या बाजूला 'तो आज कोणत्या रूपात आहे' ते. मी पहिली बाजू वाचली आणि दुसरीकडे ढुंकूनही पाहिले नाही. तिथे सगळे छापलेले होते. न विकलेला माल, वसूल न झालेली येणी आणि त्याच घराण्याच्या दुसऱ्या कंपनीला दिलेले कर्ज!

दुसरी चूक तर आणखी ढोबळ. ते साठ कोटी सगळे नफ्यातून साठलेले नव्हतेच. परिशिष्ट उघडले तर त्यातले २० कोटी शेअर प्रीमियमचे, म्हणजे भागधारकांनीच जादा भरलेले. १५ कोटी जमिनीची किंमत कागदावर वाढवून आलेले. खऱ्या कमाईतून राखलेले फक्त २५ कोटी.

आता तुम्ही म्हणाल, मग नफा राखणाऱ्या कंपनीपासून दूरच राहावे की काय? मुळीच नाही. १९४५ साली आपल्या खानदेशात, अमळनेरला, वनस्पती तुपाचा एक कारखाना उभा राहिला. तीच पुढे विप्रो झाली. तिथला नफा तुपातच अडकून राहिला नाही. संगणकासारख्या नव्या धंद्यांत गेला आणि तिथे वाढला. १९९७ आणि २००४ साली एका शेअरला दोन, तर २००५, २०१७ आणि २०२४ साली एकास एक असे बोनस शेअर तिने दिले. अमळनेरच्या ज्या कुटुंबांनी जुने शेअर सांभाळले, त्यांना संयमाचे फळ मिळाले. बोनस म्हणजे मात्र आकाशातून पडलेले धन नव्हे. गंगाजळीच्या खात्यातली रक्कम भांडवलाच्या खात्यात जाते, एवढेच. पोळीचे चार तुकडे केले म्हणून पोळी मोठी होत नाही. ती मोठी होते धंद्यात.

तेव्हा पारख कशी करावी? अमेरिकेतले वॉरेन बफे यांनी १९८३ सालच्या आपल्या अहवालात एक कसोटी सांगितली होती. राखून ठेवलेल्या प्रत्येक डॉलरमागे काही काळात भागधारकांसाठी निदान एक डॉलरचे बाजारमूल्य तयार झाले पाहिजे. त्यांच्या कारकिर्दीत बर्कशायर कंपनीने १९६७ साली एकदाच लाभांश दिला, तरी भागधारकांनी कुरकूर केली नाही. बाकीचा पैसा तिथे राबत होता.

घरच्या घरी करण्याजोगा हिशेब असा. समजा, दोन कंपन्यांनी पाच वर्षांत प्रत्येकी ५० कोटी कमावले, १५ कोटी लाभांश दिला आणि ३५ कोटी राखले. पहिलीचा वार्षिक नफा या काळात ६ कोटींवरून १३ कोटींवर गेला. राखलेल्या ३५ कोटींमागे वाढ ७ कोटी, म्हणजे शेकडा २०. दुसरीचा ९ कोटी ७० लाखांवरून १० कोटी ४० लाखांवर गेला. वाढ ७० लाख, म्हणजे शेकडा २. हिने तो पैसा आपल्याला दिला असता, तर बँकेतल्या मुदत ठेवीनेही जास्त दिले असते. गंगाजळी दोघींची सारखीच वाढली. पण एकीने पैसा पेरला आणि दुसरीने पुरला. एकट्या या आकड्यावर निर्णय घेऊ नये, पण प्रश्न विचारायला तो पुरेसा आहे. जोडीला रोख प्रवाहाचे पत्रकही पाहावे. नफा कागदावर वाढतो आणि रोकड येत नाही, असे वर्षानुवर्षे दिसले तर सावध व्हावे.

मुलगी आता स्वतः कमावते आणि शेअरही घेते. गेल्या दिवाळीत एका कंपनीचा अहवाल मोबाइलवर दाखवत म्हणाली, "बाबा, हिची गंगाजळी बघा केवढी!" मी काही बोलण्याआधीच स्वयंपाकघरातून आवाज आला, "आहे कुठे ते विचार तिला!"

डब्यातला तो अहवाल मी पुन्हा माळ्यावर ठेवून दिला.