गोवराचा प्रसार आणि राहणीमान

गोवर हा प्रामुख्याने लहान मुलांना होणारा विषाणूजन्य रोग आहे. त्याचा विषाणू गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही. तथापि बालकाला कोणत्या वयात, किती प्रमाणात आणि कोणत्या शारीरिक अवस्थेत या विषाणूला तोंड द्यावे लागते, हे बऱ्याच अंशी घर, वस्ती व कुटुंबाचे उत्पन्न यांवर ठरते.

संक्रमण

रुग्णाच्या खोकण्या-शिंकण्यातून हा विषाणू हवेत पसरतो व बंदिस्त जागेत सुमारे दोन तास संसर्गक्षम राहू शकतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून रुग्णाकडून इतरांना लागण होऊ शकते. त्यामुळे रोग ओळखला जाण्यापूर्वीच भावंडे बाधित होतात. एकाच खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला आजारी मूल वेगळे ठेवणे शक्य नसते.

दाटीवाटी आणि मृत्यू

गिनी-बिसाऊ या पश्चिम आफ्रिकी देशाच्या राजधानीत १९७९ साली गोवराची साथ आली. डॅनिश मानवशास्त्रज्ञ पीटर आबी व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, घराबाहेर लागण झालेल्या पहिल्या मुलापेक्षा त्याच्यापासून घरातच लागण झालेल्या मुलांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक होते. दीर्घ व निकट सहवासामुळे विषाणूंची मोठी मात्रा शरीरात जाते, असे स्पष्टीकरण त्यांनी मांडले.

पोषण

अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे गोवरानंतर अंधत्व येण्याचा व मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना गोवराच्या बालरुग्णांना सलग दोन दिवस या जीवनसत्त्वाची मात्रा देण्याची शिफारस करते.

राहणीमानातील सुधारणा आणि तिची मर्यादा

इंग्लंड व वेल्समध्ये १९४१ साली गोवराचे सुमारे ४.१ लाख रुग्ण नोंदले गेले व १,१४५ मृत्यू झाले. १९६१ साली रुग्णांची नोंद सुमारे ७.६ लाखांवर गेली, परंतु मृत्यू १५२ होते. तेथे सार्वत्रिक लसीकरण १९६८ मध्ये सुरू झाले. म्हणजेच राहणीमान व वैद्यकीय उपचार सुधारल्याने मृत्यू घटले, पण प्रसार थांबला नाही. तो रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के लोकसंख्येत प्रतिकारशक्ती असणे आवश्यक मानले जाते.

मुंबईतील साथ

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ पसरली. गोवंडीसारख्या दाट वस्तीच्या भागांना तिची मोठी झळ बसली व अनेक बालके दगावली. कोविड काळात लसीकरणात पडलेला खंड हे एक प्रमुख कारण मानले गेले. भारतात गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिली जाते. परंतु दाट वस्तीत त्याआधीच लागण होण्याचा संभव असतो. त्यामुळे साथग्रस्त भागांतील सहा ते नऊ महिन्यांच्या बालकांनाही आवश्यकतेनुसार जादा मात्रा देण्याची सूचना केंद्र सरकारने केली.