मुदतीची सेवा आणि मुक्कामाचे मिशन
(सिंधुदुर्ग आणि परदेशी धर्मप्रचारक : लेखांक ६)

पश्चिम भारतातील ख्रिस्ती मिशनांच्या इतिहासात १८५२ या एकाच वर्षी दोन अगदी भिन्न प्रकारच्या सेवांना प्रारंभ झाला. त्या वर्षी ह्यू फिंडले हे स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरले, आणि त्याच वर्षी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनरींनी कोल्हापुरात काम सुरू केले. फिंडले यांचे कार्य काही वर्षांतच आटोपले, तर वाइल्डर यांनी सुरू केलेल्या मिशनची शाखा पुढे घाट उतरून वेंगुर्ल्यापर्यंत पोहोचली. या फरकाचे मूळ श्रद्धेच्या कमीअधिकपणात शोधण्यापेक्षा दोन्ही पंथांनी प्रचारकाच्या आयुष्याची जी घडी बसवली होती तिच्यात शोधणे अधिक योग्य ठरते.

मॉर्मन हे ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाचे रूढ नाव असून, जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. येशूने स्थापिलेली मूळ मंडळी कालांतराने लोप पावली व स्मिथ यांच्याद्वारे ती पुन्हा प्रस्थापित झाली, अशी अनुयायांची श्रद्धा आहे आणि बायबलबरोबरच ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथही ते पवित्र मानतात. स्थानिक मंडळ्यांचा कारभार पगारी धर्मगुरूंऐवजी सामान्य सभासद पाहत असल्यामुळे धर्मप्रचार हेही निवडक व्यक्तींचे व्यवसायकार्य न राहता तरुणांचे कर्तव्य ठरते.

आज मुलगे आणि मुली दोघांनाही वयाच्या अठराव्या वर्षापासून या सेवेत जाता येते. मुलांची मुदत दोन वर्षांची, तर मुलींची अठरा महिन्यांची असते. कोठे जायचे हे तरुण स्वतः ठरवत नाही, खर्च बहुतांशी त्याच्या बचतीतून वा कुटुंबाकडून होतो, आणि जोडीदाराशिवाय त्याने एकट्याने वावरू नये असा दंडक असतो. सकाळी अध्ययन, दिवसभर भेटीगाठी आणि आठवड्यातून एक दिवस घरगुती कामे असा त्याचा क्रम ठरलेला असून, २०१९ पर्यंत घरच्यांशी दूरध्वनीवर बोलण्याची मुभा वर्षातून मोजक्याच प्रसंगी मिळत असे. मद्य व तंबाखूप्रमाणेच चहा-कॉफीही त्याला वर्ज्य असल्यामुळे, पाहुण्यापुढे प्रथम चहाचा कप ठेवणाऱ्या कोकणासारख्या प्रदेशात आपल्या व्रताचा खुलासा त्याला उंबऱ्याशीच करावा लागेल.

१८५२ मध्ये ही व्यवस्था इतकी आखीव नव्हती. पैशांची थैली वा शिदोरीची झोळी न बाळगता निघावे आणि श्रोत्यांच्या आतिथ्यावर राहावे, या बायबलमधील आदेशाचे प्रचारक शक्यतो शब्दशः पालन करीत. मुंबईनंतर पुण्यात फिंडले यांचे श्रोते मुख्यतः लष्करी छावणीशी संबंधित युरोपीय असल्यामुळे छावणीच्या अधिकाऱ्यांची नाराजी त्यांच्या कार्याला थेट बाधक ठरली. त्यातच ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे पंथाने बहुपत्नीत्वाचा जाहीर पुरस्कार केल्याने, भारतातील इंग्रजी समाजात आधीच असलेला विरोध तीव्र झाला. शिवाय दीक्षितांनी अमेरिकेतील यूटा प्रदेशात एकत्र यावे ही त्या काळची शिकवण असल्यामुळे, जे थोडे लोक पंथात आले त्यांनीही येथे मूळ धरण्याऐवजी स्थलांतर करणे अपेक्षित होते.

याउलट वाइल्डर यांनी कोल्हापुरात शाळा काढल्या, आपल्याला पाठवणाऱ्या मूळ मिशनरी मंडळाशी मतभेद झाल्यावरही काम स्वतंत्रपणे चालू ठेवले, आणि १८७० मध्ये ते अमेरिकन प्रेसबिटेरियन मंडळाकडे सुपूर्द केले. व्यक्ती गेली तरी कार्य उरावे अशी सोय त्यामुळे झाली. याच मिशनमधून मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय उभे राहिले, आणि वेंगुर्ल्याच्या सेंट ल्यूक हॉस्पिटलचा उगमही याच परंपरेत आहे. तेथील मिशनरी डॉक्टर गोहीन यांचे पुत्र रॉबर्ट गोहीन यांचा जन्म १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच झाला. ते पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि १९७७ ते १९८० या काळात भारतातील अमेरिकेचे राजदूत होते. संसार थाटून राहणाऱ्या मिशनरीचा गावाशी असा पिढीजात संबंध जडतो, जो मुदत संपताच परतणाऱ्या तरुणाला सहसा लाभत नाही.

तथापि मुक्कामाच्या मिशनची मोजपट्टी मॉर्मन सेवेला लावल्यास तिचा हेतू नजरेआड होतो. अनोळखी भाषेत, वारंवार नकार पचवत आपली श्रद्धा मांडणारा तरुण घरी परततो तेव्हा त्याच्याच गावची मंडळी चालवणारा बिनपगारी सेवक पंथाला मिळतो. म्हणजे या सेवेचे फळ परदेशातल्यापेक्षा स्वदेशातल्या मंडळीत अधिक साठते. वेंगुर्ल्याच्या मिशनरीने परमुलखात संस्था उभारली, तर मॉर्मन पंथ परमुलखाच्या अनुभवातून आपला सभासद उभारतो, आणि म्हणूनच पहिल्याचा ठसा स्थानिक इतिहासात सापडतो, तर दुसऱ्याचा मुख्यतः त्याच्या रोजनिशीत.

मिशन रुग्णालयांत घडलेल्या स्थानिक परिचारिकांच्या कार्याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.