जबलपूरहून देवयानी किती दूर?

मार्च १८७० मध्ये जबलपूरला रुळाला रूळ भिडला. मुंबईकडून आलेली जी. आय. पी. रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे या दोन कंपन्यांचे मार्ग तिथे जोडले गेले आणि मुंबई ते कलकत्ता हा प्रवास आगगाडीने करता येऊ लागला. एरवी ज्या वाटेवर आठवड्यांमागून आठवडे जात, तिथे आता तीन दिवस पुरेत, असा हिशेब ज्यूल व्हर्नने १८७२ साली आपल्या ‘ऐंशी दिवसांत जगप्रवास’ या कादंबरीत मांडला. जग लहान झाले, असे तेव्हा लोकांना वाटले, ते काही खोटे नव्हते.

समजा, त्याच महिन्यात जबलपूरहून आणखी एक गाडी सुटली असती, थेट सूर्याकडे. वेग ताशी १०० किलोमीटर, वाटेत कुठेही थांबा नाही, कोळसा-पाण्याची चिंता नाही. ती गाडी आज कुठे असती? अजून वाटेतच! सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. गाडी पोचायला २०४० साल उजाडले असते. प्रकाश मात्र हे अंतर आठ मिनिटे वीस सेकंदांत कापतो. मुंबई-जबलपूर हे सुमारे हजार किलोमीटर त्याच्या लेखी एका सेकंदाचा तीनशेवा हिस्सा.

सूर्य तर अंगणातला. त्याच्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा म्हणजे प्रॉक्झिमा. तिथून आपल्यापर्यंत यायला प्रकाशाला ४.२४ वर्षे लागतात. आपल्या गाडीला तिथे जायला लागतील सुमारे ४ कोटी ६० लाख वर्षे. एवढी वर्षे मनात धरायची कशी? जबलपूरकरांना त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. नर्मदेवरच्या लामेटा घाटाचे नाव भूशास्त्राच्या पुस्तकांत एका खडकथराला मिळाले आहे. याच थरात १८२८ साली जबलपूरच्या छावणीजवळ कॅप्टन स्लीमन यांना (ठगांचा बंदोबस्त करणारे तेच) प्रचंड हाडे सापडली. तेव्हा ‘डायनोसॉर’ हा शब्दही जन्मला नव्हता. पुढे १८७७ मध्ये लायडेकर यांनी त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. हे प्राणी सुमारे साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी इथे चरत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत आपली गाडी सुटली असती, तर ती प्रॉक्झिमाला पोचून आता दोन कोटी वर्षे होऊन गेली असती.

आणि अजून आपण आपल्याच आकाशगंगेत आहोत. तेही उंबऱ्यापाशीच.

शेजारचे घर

आकाशगंगा ही शेकडो अब्ज ताऱ्यांची वस्ती. अशा वस्तीला दीर्घिका म्हणतात. आपल्या शेजारची मोठी दीर्घिका म्हणजे देवयानी, अंतर २५ लाख प्रकाशवर्षे. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत तो धुरकट ठिपका आपल्याच आकाशगंगेतला असावा, असे बऱ्याच ज्योतिर्विदांचे मत होते. १९२३ मध्ये एडविन हबल यांना त्यात ठरावीक काळाने कमीजास्त तेजस्वी होणारा एक तारा सापडला. अशा ताऱ्याच्या फेऱ्याचा काळ मोजला, की त्याचे खरे तेज कळते. दिवा किती शक्तीचा हे ठाऊक असेल, तर तो किती मंद दिसतो यावरून तो किती लांब आहे ते काढता येते, तसेच हे. ही किल्ली त्याआधीच हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी शोधून ठेवली होती. हबलने हिशेब केला आणि विश्व एकदम कितीतरी पटींनी वाढले.

१९७७ मध्ये निघालेले ‘व्हॉयेजर-१’ हे माणसाने सर्वांत दूर पाठवलेले यान. वेग सेकंदाला १७ किलोमीटर. तरी २०२५ सरेपर्यंत, म्हणजे ४८ वर्षांत, त्याने एक प्रकाशदिवसाचेही अंतर पुरे केले नव्हते. या वेगाने देवयानीला जायला ४४०० कोटी वर्षे हवीत आणि विश्वाचे वय आहे १३८० कोटी!

मग वेग वाढवला तर? इथे आइनस्टाइन एक चमत्कारिक सवलत देतात. पृथ्वीवर आपल्याला जेवढे वजन जाणवते तेवढाच रेटा सतत देत यान अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवत गेले आणि पुढे तसेच आवरत आणले, तर प्रवासी सुमारे २८ वर्षांत देवयानीला पोचतील. पंचविशीत निघालेला तरुण पन्नाशी ओलांडून उतरेल. पण इथे पृथ्वीवर तोवर २५ लाख वर्षे उलटलेली असतील. ‘पोचलो, खुशाल आहे’ असा निरोप यायला आणखी २५ लाख. भागवतात राजा ककुद्मी मुलीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो, गाणे संपेपर्यंत थांबतो आणि तेवढ्यात पृथ्वीवर युगे सरतात. त्याने मनात योजलेल्या वरांचे नातूपणतूही उरत नाहीत. अखेर रेवतीला बलराम मिळाला, हे तिचे नशीब. देवयानीच्या प्रवाशाला कोणी ओळखीचे भेटणार नाही. शिवाय अशा यानाला पुरेल एवढे इंधन वाहून नेण्याची युक्ती आज कोणाकडेही नाही.

गंमत अशी, की आकारमानाच्या मानाने दीर्घिका तशा जवळजवळच असतात. आकाशगंगा ही फूटभर रुंद थाळी मानली, तर देवयानीची थाळी पंचवीस फुटांवर, एकाच पंगतीत. ताऱ्यांचे तसे नाही. सूर्याची मोहरी केली, तर प्रॉक्झिमा सुमारे ५८ किलोमीटरवर जाईल. म्हणूनच दोन दीर्घिका एकमेकींत शिरल्या तरी तारे सहसा आपटत नाहीत. देवयानी आपल्याकडे येते आहे, पण ती आकाशगंगेला धडकेलच याची खात्री राहिलेली नाही. २०२५ मधल्या एका अभ्यासाने पुढच्या हजार कोटी वर्षांत ही शक्यता निम्मी-निम्मीच ठरवली.

पुण्याहून दिसलेली अलकनंदा

इतर दूरच्या दीर्घिका मात्र लांबच पळताहेत, कारण मधला अवकाशच ताणला जातो आहे. ठरावीक अंतरापलीकडच्या दीर्घिकांकडे आज निघालेला प्रकाशसुद्धा कधीच पोचणार नाही. जुना प्रकाश तेवढा येतो. २०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत एक सुबक सर्पिल दीर्घिका सापडली. नाव ठेवले अलकनंदा. तिचा प्रकाश सुमारे १२०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. भेडाघाटचा संगमरवर दीडशे कोटी वर्षांहून जुना; पण तो प्रकाश निघाला तेव्हा संगमरवर सोडाच, पृथ्वीदेखील नव्हती. ती झाली तेव्हा या किरणाची निम्म्याहून अधिक वाट सरली होती. तिथे आज काय आहे, हे विचारायची सोय नाही.

देवयानी मात्र दुर्बिणीवाचूनही दिसते. कार्तिकातल्या अमावास्येच्या आसपास, रात्री नऊच्या सुमारास, शहराच्या दिव्यांपासून दूर जावे. डोक्यावर पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधावा आणि त्याच्या ईशान्य कोपऱ्यापासून निघालेल्या ताऱ्यांच्या रांगेने पुढे सरकावे. दुसऱ्या ठळक ताऱ्यापाशी उत्तरेकडे वळले, की कापसाच्या पुंजक्यासारखा फिकट ठिपका दिसतो. थेट रोखून पाहू नये, नजर किंचित बाजूला ठेवावी, म्हणजे तो अधिक नीट दिसतो. देवयानी तिरकी आहे, त्यामुळे तिच्या पलीकडच्या कडेचा प्रकाश अलीकडच्या कडेपेक्षा लाखभर वर्षे आधी निघालेला असतो. दोन्ही डोळ्यांत शिरतात एकाच क्षणी.