अधिक-उणे पाच

'खात्याने पाऊस सांगितलाय, म्हणजे छत्री घरी ठेवायला हरकत नाही!' हा विनोद आपल्याकडे इतका जुना आहे, की तो आता वाडवडिलार्जित इस्टेटीत धरायला हरकत नाही. पण हवामान खात्याची टिंगल करणाऱ्यांपैकी त्याचे निवेदन शेवटपर्यंत वाचणारे किती? एप्रिल २०२४ मध्ये खात्याने सांगितले, की मोसमी पाऊस सरासरीच्या १०६ टक्के पडेल. ठळक मथळा तेवढाच झाला. मूळ निवेदनात मात्र पुढे एक शेपूट होते : अधिक-उणे पाच टक्के. पाऊस झाला १०८ टक्के. आदल्या वर्षी अंदाज ९६ टक्क्यांचा होता, झाला ९४. दोन्ही वेळा खाते आपल्या शब्दाला जागले होते. शेपूट कापले होते ते आपण.

हे शेपूट शास्त्रशुद्ध रीतीने काढणे, ही आज विज्ञानातली एक स्वतंत्र विद्या झाली आहे. तिला 'अनिश्चिततेचे मोजमाप' म्हणता येईल. नाव जड असले तरी गोष्ट आमच्या बँकेच्या धंद्यातली आहे. कारखान्यासाठी कर्ज मागायला येणारा माणूस प्रकल्प अहवाल आणतो. त्यात विक्री, कच्चा माल, मजुरी या सगळ्यांचा एकेकच आकडा असतो, आणि तो नेहमी गोड असतो. मग अधिकारी पेन्सिल घेऊन बसतो. कच्चा माल दहा टक्क्यांनी महागला तर? विक्री दहा टक्क्यांनी घटली तर? हप्ता निघेल का? पेन्सिलीची अडचण अशी, की ती एका वेळी एकच 'तर' हाताळते. संसारात मात्र सगळे 'तर' हातात हात घालून येतात.

यावर तोड काढली ती पोलंडमधून अमेरिकेत आलेल्या स्टॅनिस्लाव उलाम या गणितज्ञाने. १९४६ साली तो आजारातून उठत होता आणि वेळ जावा म्हणून एकट्याने पत्ते लावत बसे. डाव सुटण्याची शक्यता किती, हे गणिताने काढणे फार किचकट. त्यापेक्षा शंभर डाव मांडून त्यातले किती सुटले ते मोजले तर? विचार साधाच, पण अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत फॉन नॉयमन याच्या मदतीने तो संगणकापर्यंत पोचला. पद्धतीला नाव पडले 'माँटे कार्लो'. कारण उलामचे एक काका नातलगांकडून उसने पैसे घेऊन तिथल्या जुगारखान्याकडे धाव घेत. असला कर्जदार कुठल्याही बँकेला परिचित असतो!

आज पुलाची मजबुती, विमानाचा पंख, वादळाची वाट हे सारे आधी संगणकात मांडून पाहतात. तिथे प्रत्येक बाबीचा एकच आकडा न देता 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पल्ला द्यायचा, आणि तेच गणित हजारो वेळा करून उत्तरे किती पसरतात ते पाहायचे. एकेका गणिताला बलाढ्य संगणकाचे तासन् तास लागत असतील, तर कुठले डाव मांडायचे हे हुशारीने निवडावे लागते. हे काम करणाऱ्या आज्ञावल्या आज कोणालाही फुकट मिळतात. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेची 'डाकोटा', फ्रान्समध्ये वीज कंपनी आणि विमान उद्योग यांनी मिळून उभारलेली 'ओपनटर्न्स', युरोपातल्या संशोधकांची 'ईझीव्हीव्हीयूक्यू' ही त्यांतली काही नावे. फुकट असण्यापेक्षा त्या उघड्या आहेत हे महत्त्वाचे. कीर्द-खतावणी टेबलावर ठेवलेली. ज्याला शंका असेल त्याने पाने उलटावीत.

यात पणाला काय लागते, हे २०२० साली दिसले. त्या वर्षी १६ मार्चला लंडनच्या इंपीरियल कॉलेजने एक अहवाल दिला. काहीच केले नाही तर कोविडने ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार माणसे दगावतील, असे त्यात होते. आठवड्याभरात देश बंद झाला. या निर्णयामागे इतर कारणांबरोबर हेही गणित होते. त्याची आज्ञावली मात्र तेव्हा कोणाला पाहायला मिळत नव्हती. बरीच ओरड झाल्यावर ती साफसूफ करून खुली करण्यात आली.

ती खुली झाली म्हणूनच पुढचे घडले. ॲमस्टरडॅमच्या गणित संस्थेतले वाउटर एडेलिंग आणि लंडनचे पीटर कव्हनी यांच्या गटाने 'ईझीव्हीव्हीयूक्यू' वापरून तिची झडती घेतली. तिच्यात ९४० आकडे भरावे लागत. निकाल प्रामुख्याने हलवणारे निघाले अवघे १९. त्यातही तिघे मुख्य : लागण झाल्यापासून ती दुसऱ्याला देण्याजोगी होईपर्यंतचा काळ, रुग्ण वेगळा राहायला लागणारा विलंब, आणि अंतर पाळण्याचा परिणाम. या १९ आकड्यांतली अनिश्चितता उत्तरात उतरताना तिपटीपर्यंत फुगत होती. टाळेबंदी धरून केलेल्या काही गणितांत तर मृत्यूंचा आकडा मूळ अहवालाच्या पाच-सहा पट निघाला.

म्हणजे अहवाल खोटा होता का? नव्हे. पण तो एका आकड्याच्या थाटात लोकांपुढे गेला, आणि त्याचे शेपूट बरेच लांब होते. २०२१ साली छापलेल्या या अभ्यासाने आणखी एक प्रांजळ गोष्ट सांगितली. आत भरलेल्या आकड्यांची अनिश्चितता मोजून भागत नाही. मांडणीच चुकली असेल तर अधिक-उण्याचा हिशेबही चुकतो. आपल्याला याचा अनुभव आहे. २००२ साली हवामान खात्याने १०१ टक्के पाऊस सांगितला होता, अधिक-उणे चारच्या फरकाने. पडला ८१ टक्के. शेतकऱ्याच्या पेरणीला त्या 'चार'चा काय उपयोग झाला? पुढल्याच वर्षी खात्याने आपली पद्धत बदलली.

अनिश्चितता सांगणे हा दुबळेपणा आहे, असा आपला समज आहे. 'नक्की सांगा' असे आपण डॉक्टरला म्हणतो, ज्योतिषाला म्हणतो, गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यालाही म्हणतो. आणि जो छातीठोकपणे एकच आकडा सांगतो त्याच्यावर विश्वास टाकतो. खरे तर सावध व्हायला हवे ते त्याच्याबाबतीत. वीस वर्षांनी तुमचे एवढे लाख होतील, असे कोणी सांगितले तर भांडू नये, हिरमुसूही नये. शांतपणे दोन प्रश्न विचारावेत : अधिक-उणे किती? आणि तुमची खतावणी बघायला मिळेल का?

दोन्हींची उत्तरे देणाऱ्याचा अंदाज एखाद्या वेळी चुकेलही. पण त्याच्याशी व्यवहार करायला हरकत नाही.