साठी की पासष्टी?

वार्धक्याची सोय केव्हापासून भोगावी, हा प्रश्न कॅनडातील प्रत्येक नोकरदारापुढे साठाव्या वर्षी उभा राहतो. क्वेबेक प्रांताची योजना स्वतंत्र आहे. इतरत्र १९६६ साली ‘कॅनडा पेन्शन प्लॅन’ सुरू झाला. नोकर आणि मालक त्यात सारखीच वर्गणी भरतात. निवृत्तिवेतनाचे नेमस्त वय पासष्ट. परंतु ते साठाव्या वर्षीही घेता येते, किंवा सत्तरीपर्यंत लांबवता येते. आधी घेतल्यास दर महिन्यामागे ०.६ टक्का घट होते, उशिरा घेतल्यास ०.७ टक्का वाढ.

समजा, पासष्टाव्या वर्षी एखाद्यास दरमहा १,००० डॉलर मिळाले असते. साठाव्या वर्षी त्यास ६४० मिळतील, सत्तराव्या वर्षी १,४२०. आणि हा फरक जन्मभर टिकेल.

महागाई व व्याज बाजूला ठेवून हिशेब करून पाहावा. साठीत प्रारंभ करणारा पासष्टीपर्यंत ३८,४०० डॉलर पदरात पाडतो. पुढे मात्र दरमहा ३६० डॉलरने मागे पडतो. चौऱ्याहत्तरीच्या सुमारास पारडी समान होतात. त्यानंतर थांबलेल्याची सरशी.

प्रकृती खालावलेली असेल, किंवा घरात दुसरी मिळकतच नसेल, तर लवकर घेणे मुळीच गैर नव्हे. पण ज्याच्या गाठीशी पाच वर्षांपुरती शिल्लक आहे, त्याने आधी ती खर्चावी आणि निवृत्तिवेतन वाढू द्यावे. कारण वार्धक्यात खरे भय असते ते हेच, की पुंजी सरावी आणि आयुष्य उरावे.